चार मिनिटांचा फरक

नेसरी हे गाव घाईसाठी प्रसिद्ध आहे. हे मी निंदेने म्हणत नाही. माझी तेवढी प्राज्ञा नाही आणि गावात अजून दोन वर्षे काढायची होती. पण २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी सरसेनापती प्रतापराव गुजर याच नेसरीच्या खिंडीत अवघे सहा स्वार बरोबर घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, मागून येणाऱ्या सैन्यासाठी थांबले नाहीत, आणि सातही जण कामी आले. उमराणीला कोंडीत सापडलेला खान त्यांनी सोडून दिला होता. त्याबद्दल महाराजांनी पत्रातून कानउघाडणी केली, ती जिव्हारी लागली. पुढे कुसुमाग्रजांच्या कवितेने ते सात स्वार महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले. खिंडीपाशी आता स्मारक आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आधी त्याला तिथे नेतात, मग चहा देतात.

अशा गावात माझ्यासारख्या बँकेच्या कारकुनाची बदली व्हावी, हा नियतीचा विनोद आहे. आमच्या खात्याची सगळी प्रतिष्ठा सावकाशीवर उभी आहे. काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे काळ निरनिराळ्या वेगाने चालतो हे आईनस्टाईनला गणिताने सिद्ध करावे लागले. खातेदाराला ते पासबुक भरून घेताना समजते.

तर या गावातल्या एका शाळेला २०२२ साली एक दुर्बीण भेट आली. शाळेचा एक जुना विद्यार्थी ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला होता. त्याने आपली वापरलेली सहा इंची दुर्बीण, तिच्या लोखंडी तिपाईसकट आणि विजेच्या मोटारीसकट, एवढ्या लांबून पाठवून दिली. पावसाळाभर ती शाळेच्या कपाटात राहिली. नोव्हेंबरात आकाश मोकळे झाले तेव्हा विज्ञानाच्या मास्तरांनी पटांगणात ती मांडली आणि शनी दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला. पोरांनी पटापट डोळे लावले, "कडं दिसतंय, कडं दिसतंय" म्हणून ओरडली आणि पळाली. मग ज्याने दुर्बीण पाठवली त्याची आई पुढे आली. वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव तिला आक्का म्हणते. आक्का काठी टेकत आली, चष्मा काढला, तो कुठे ठेवायचा याचा विचार केला, पदराने डोळा पुसला, वाकली आणि म्हणाली, "काय दिसंना बाई."

मास्तरांनी डोळा लावून पाहिले. शनी निघून गेला होता. त्यांनी हाताने चक्री फिरवून तो परत आणला. आक्काने पुन्हा काठी, पुन्हा पदर. शनी पुन्हा पसार. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे मास्तर. पोरानं धाडलंय न्हवं, बास झालं." आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर बँकेत आले, आणि पैसे काढायला आले नाहीत, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते. "साहेब, मोटर चालंना झालीय. तुम्ही लेख लिहिता, तुम्हांला म्हाईत असणार." लेख लिहिणाऱ्या माणसाला सगळे ठाऊक असते, हा गैरसमज मी अनेक वर्षे स्वतःच पसरवलेला होता. मी बी.कॉम. आहे. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण "नाही" म्हणायला जो निर्भीडपणा लागतो तो आमच्या खात्यात फक्त कर्जाच्या अर्जापुरता मंजूर असतो.

आता ही मोटार असते कशासाठी, ते आधी सांगतो, कारण मलाही ते आधी वाचावे लागले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश सरकते, तासाला पंधरा अंश. नुसत्या डोळ्याला ते जाणवत नाही. पण दुर्बिणीतून शंभरपट मोठे करून पाहिले की शनी जेवढा मोठा होतो, तेवढाच त्याचा वेगही मोठा होतो. मास्तरांच्या दुर्बिणीतून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसायचा. तो ओलांडायला शनीला दोन मिनिटे लागतात. पोराला दोन मिनिटे म्हणजे सुट्टी. आक्काला दोन मिनिटे चष्म्यालाच लागतात. म्हणून दुर्बिणीचा एक आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि त्या आसाभोवती दुर्बीण पृथ्वीच्या उलट दिशेने, तितक्याच वेगाने फिरवायची. एक फेरा किती वेळात? आपण म्हणू चोवीस तास. तिथेच फसतो. चोवीस तास हा सूर्याचा हिशेब. ताऱ्यांचा दिवस तेवीस तास, छप्पन्न मिनिटे आणि चार सेकंदांचा असतो. रोजचा हा चार मिनिटांचा फरक साठत साठत वर्षाअखेर बरोबर एक दिवस होतो आणि खाते जुळते. विश्वाचे वार्षिक ताळेबंद जुळतात हे वाचून मला फार बरे वाटले. आमच्या शाखेचे काही वर्षी जुळत नव्हते.

आणि हे वाचतानाच मला असे काही सापडले की मी जागेवरून उठलो. घड्याळाच्या यंत्राने आकाशाबरोबर आपोआप फिरणारे उपकरण कसे करावे, याचे वर्णन लंडनच्या रॉबर्ट हूकने छापले. हा तोच हूक, ज्याने सूक्ष्मदर्शकातून बुचाचे कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' हे नाव दिले. त्याचे ते पुस्तक निघाले त्याचे साल १६७४! म्हणजे ज्या वर्षी इकडे नेसरीत सात जणांना क्षणभर थांबणे अशक्य झाले, त्याच वर्षी तिकडे एक कुबड असलेला, तिरसट, भांडखोर माणूस दिवसाला एकच फेरा मारणारे यंत्र कागदावर उतरवत होता. गोल फिरणाऱ्या लंबकाने त्या यंत्राचा वेग ताब्यात ठेवायचा, अशी त्याची कल्पना. मी मास्तरांना हे सांगितले. मास्तर म्हणाले, "मग त्याला मोटर दुरुस्त करता यायची का?"

हूकची कल्पना कागदावरून दुर्बिणीवर नीट चढायला दीडशे वर्षे गेली. जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८२४ साली दोर्पातच्या वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण केली, तिला घड्याळी यंत्र होते. खाली सोडलेल्या वजनाने दात्यांची चाके फिरायची, आणि वेग वाढू लागला की नियंत्रक त्याला आवरायचा. त्यानंतर चांगल्या दुर्बिणीला असे यंत्र असणे ही रीत झाली.

आमच्या भागात या गोष्टी आल्याच नाहीत असे कोणी समजू नये. नेसरीहून दिवसात जाऊन यावे एवढ्या अंतरावर जमखंडी आहे, पटवर्धनांचे संस्थान. तिथे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल आला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा सख्खा नातू. नोकरी हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यात. ऑगस्ट महिना आणि दक्षिण महाराष्ट्र. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने पुढची तारीख घ्यायला सांगितली असती. आकाशात ढग होते. पण ग्रहण लागलेले असताना ढगांत फट पडली आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, हे त्या दिवशी जमखंडीसह अनेक ठिकाणी कळले. त्यांतली एक नारिंगी-पिवळी रेषा आधी सोडियमची वाटली. मग ती सोडियमच्या खात्यात बसेना. तेव्हा नवे खाते उघडावे लागले, त्याचे नाव हेलियम.

कोकणात विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवून सांगतात, की लॉकियर साहेबाने १८६८ ला इथूनच हेलियम शोधला. साहेब विजयदुर्गाला आला होता हे खरे, पण १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ ला तो इंग्लंडात होता आणि त्याने तिथूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. नोंद खरी, खाते खरे, फक्त तारीख तीस वर्षे मागची पडली. असे आमच्याकडेही होते; आम्ही त्याला लाल शाईने दुरुस्त करून खाली सही करतो.

आता ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते गृहस्थ. कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले. नायगमवालांनी संधी साधली, आणि महाराजांनी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने त्यात आणखी पाच हजार घातले. सरकार आपल्या हाताने पैसे घालते म्हणजे नायगमवालांचे वजन किती असेल, याची कल्पना सरकारी अनुदानाचा अर्ज भरलेल्यांनाच येईल. स्वतः विलायतेला जाऊन त्यांनी सल्लामसलत केली. पुढे त्यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. त्याचेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. तिथे १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रबने केलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण तिथे बसली. त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी.

ग्रबच्या नावाशी मी पुन्हा अडखळलो. याच १८८८ साली हॉवर्ड ग्रबने दुर्बिणीच्या घड्याळी यंत्राला विजेने काबूत ठेवण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. एका अचूक लंबकाच्या घड्याळाने दर सेकंदाला विजेचा इशारा द्यायचा आणि यंत्र पुढे पळाले किंवा मागे रेंगाळले तर त्या इशाऱ्याने त्याला जागेवर आणायचे. आमच्या शाळेच्या डबीत जो क्वार्ट्झचा स्फटिक बसवलेला असतो, त्याचा हा पणजोबा. डबीतली सगळी कलाकुसर एवढ्याचसाठी, की मोटारीला दर क्षणी कोणीतरी वेळेवर ढोसत राहावे. हेडक्लार्कची जागा याच तत्त्वावर निर्माण झाली आहे.

नायगमवालांनी त्या दुर्बिणीतून केलेले एक काम मला विशेष आवडते. लॉकियरचा एक मोठा सिद्धांत होता, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे. त्याच्या मते तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियमची होती आणि ती एका बाजूने पुसट असायला हवी होती. नायगमवालांनी १८९१ मध्ये मृगातला तेजोमेघ तपासला आणि सांगितले, की रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे. लॉकियर म्हणजे केवढे नाव! आणि त्याला पुण्यातून एक पारशी प्राध्यापक नम्रपणे कळवतो, की साहेब, आपली नोंद जुळत नाही. मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाही हे करू शकलेलो नाही, आणि माझे साहेब तर लॉकियरच्या पासंगालाही पुरत नव्हते.

अशी रेषा पाहायची तर तो अंधूक तेजोमेघ बराच वेळ एका बारीक फटीवर धरून ठेवावा लागतो. हातचक्रीने हे होत नाही. चाके अडली, वंगण थिजले, वेग बिघडला, की रात्र गेली. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून बसले. तिकडे विजयदुर्गाला लॉकियर. मुंबई-पुण्यात प्लेगचा हाहाकार, आणि हे दोघे आपापल्या ठिकाणी सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी यंत्रे पुसत बसलेले. या वेळी आकाश स्वच्छ होते. नायगमवालांनी त्याचा अहवाल लिहिला, तो छापला गेला.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. माणूस उठला, खुर्ची उचलली, दिवा मालवला. सामान कोडाईकॅनालच्या वेधशाळेकडे गेले, आणि तिथे ती दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्याने पैसे दिले त्याचे नाव राहिले. ज्याने रात्री जागवल्या तो १९३८ पर्यंत जगला. पुण्याला पुन्हा मोठी दुर्बीण यायला २००६ साल उजाडले. जुन्नरजवळच्या गिरवलीत 'आयुका'ने दोन मीटर व्यासाची बसवली, ती संगणकाच्या इशाऱ्यावर फिरते. मधल्या चौऱ्याण्णव वर्षांबद्दल मी काही बोलत नाही. ज्याच्या टेबलावर तीन महिने फाईल पडून असते त्याने बोलू नये.

असो. आपली मोटार राहिली.

रविवारी मी, मास्तर, गावातले टीव्ही दुरुस्त करणारे अण्णा आणि न बोलावता आलेला एक वायरमन असे चौघे शाळेत जमलो. मोटार सुरू केली की डबीवरचा लाल दिवा मिणमिणायचा आणि विझायचा. अण्णांनी आधी भिंतीतल्या अॅडॉप्टरला मीटर लावले. बारा व्होल्ट, चोख. "ह्यो बरा हाय," वायरमन म्हणाला. अण्णा हसले. त्यांनी मोटार जोडून पुन्हा मीटर लावले, बारावरून सातावर. मला हा माणूस ओळखीचा वाटला. कागदावर भरभक्कम, आणि हप्ता मागितला की खाली बसणारा. अॅडॉप्टर बाद केला.

मग स्कूटरची बॅटरी आणली. वायरी अण्णांनी जोडायच्या होत्या, पण ते तंबाखू मळत होते आणि मला उत्साह आला. मी तांबडी काळ्याला आणि काळी तांबड्याला लावली. डबीतून 'टिक्' असा आवाज आला. खर्चाच्या बाजूची रक्कम जमेला मांडली तर आमच्याकडे संध्याकाळी कळते. विजेच्या खात्यात त्याच क्षणी कळते.

अण्णांनी डबी उघडली. काचेचा फ्यूज उडाला होता. "तांब्याची जाड तार टाका, परत उडायचा न्हाई," वायरमन म्हणाला. अण्णांनी त्याच्याकडे फक्त पाहिले. नवा फ्यूज घातला, वायरी स्वतः सुलट लावल्या, आणि तोही उडाला. तेव्हा अण्णांनी तारेजवळचा एक काळा मण्यासारखा डायोड दाखवला. तो मुद्दामच अशा जागी बसवलेला असतो. वीज उलटी आली की स्वतःतून वाट करून द्यायची, फ्यूज उडवायचा आणि बाकीच्यांना वाचवायचे. या गडबडीत तो स्वतः मेला होता. "तुमच्यापायी गेला बिचारा," अण्णा म्हणाले. नेसरीत शहीद होणे सोपे नाही, पण त्याने ते साधले. दुकानातून नवा आणून झाळला. किंमत चहापेक्षा कमी.

आता दिवा लागला, पण मोटार जागच्या जागी थरथरू लागली. या मोटारीत दोन वेटोळी असतात आणि ती आळीपाळीने ओढतात, तेव्हा ती पाऊल-पाऊल पुढे जाते. दोन बैलांतला एक बसला की गाडी हलते, चालत नाही. अण्णांनी मीटर लावले. एका वेटोळ्याचा रोध दाखवत होता, दुसऱ्याचा काहीच नाही. "वेटोळं गेलं," मास्तर खचले. ती मोटार नेसरीत काय, कोल्हापुरात मिळाली नसती. अण्णा मात्र केबल बोटांनी चाचपत होते. पिनेजवळ दाबली की आकडा यायचा, सोडली की जायचा. टेलिफोनला असते तशी पिन. आतले पत्रे हिरवे पडलेले. आमचा एक पावसाळा कपाटात काढला तर माणूस हिरवा पडेल, पिनेचे काय! अण्णांनी ती कापून टाकली, तारा खरवडून नवी बसवली. मोटार चालली. बारीक, एकसारखी घरघर. मास्तरांनी तिथल्या तिथे आक्काला निरोप धाडला.

हीच चूक झाली. रात्री आठला गाव जमले. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर, त्यातून झाडामागे, म्हणून होकायंत्राने आस लावला. तिपाईचा स्क्रू तेवढा खाली येईना म्हणून एका पायाखाली विटा ठेवल्या. मास्तरांनी शनी मधोमध आणला, मोटार सुरू केली, पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. शनी पळत होता. मोटार बंद असताना पळायचा त्यापेक्षा जोरात. कुंपणापाशी आक्का काठी टेकत येताना दिसत होती.

मी घड्याळ लावले. मोटार बंद: दोन मिनिटे. मोटार चालू: एक मिनिट. पुन्हा पाहिले, तेच. दुप्पट! आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझे शिक्षण माझ्या उपयोगी पडले. तेरीज जुळत नाही आणि फरक नऊने भागला जातो, तेव्हा आकडे उलटसुलट लिहिलेले असतात. फरक एखाद्या रकमेच्या दुप्पट येतो, तेव्हा ती रक्कम चुकीच्या बाजूला मांडलेली असते. "मास्तर," मी ओरडलो, "जमा-नावे उलटं झालंय! मोटार उलटी फिरतीय!" दिवसाला एक फेरा मारणारी वस्तू कुठल्या बाजूने फिरते हे डोळ्याला कळतच नाही. सगळे दिवसभर तिची घरघर ऐकून खूश होते.

अण्णांनी बॅटरीच्या उजेडात डबी फिरवली. बाजूला एक बारीकशी कळ होती, जुन्या चिकटपट्टीखाली झाकलेली. पट्टी सोलली. दोन अक्षरे निघाली, एक उत्तरेचे, एक दक्षिणेचे. कळ दक्षिणेकडे होती. दक्षिण गोलार्धात आकाश दुसऱ्या ध्रुवाभोवती फिरते, म्हणून तिथे मोटारही उलटी लागते. ऑस्ट्रेलिया सोडून इतके महिने झाले, पण डबीला ते कोणी कळवलेच नव्हते. ती बिचारी अजून तिथलेच आकाश सांभाळत होती. अण्णांनी नखाने कळ सरकवली.

आक्का आली. काठी मास्तरांच्या हातात दिली. चष्मा काढला, माझ्या हातात दिला. पदराने डोळा पुसला. वाकली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एक मिनिट गेले, दोन गेली, तीन गेली.

"अजून हाय की," आक्का म्हणाली.

कोणीच बोलले नाही. मोटारीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"ह्योच तिकडं माझ्या पोराला दिसतोय काय?"

"ह्योच की आक्का," मास्तर म्हणाले. "तिकडनं उलटा दिसतोय एवढंच."

"उलटा व्हय? मग बरोबर हाय. हितं हुता तवाबी समदं उलटंच करायचा." डोळा तिने काढला नाही. मागे रांग वाढत चालली होती. एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, आमचा नंबर कवा?"

मी सवयीने म्हणालो, "बसा जरा. वेळ लागेल."